कोपराच्या उंचीवर

धार लावायची तर आधी दगड शोधायचा
पत्र्याच्या पेटीत, खिळ्यांच्या तळाशी,
मग तेल, ते स्वयंपाकघरात,
मग मोरीच्या कडेला उकिडवं बसायचं
आणि गुडघा धरून उठताना म्हणायचं,
बास, चालतंय की.
तेवीस वर्षं असंच चाललं.
बोथट पटाशी रेटत राहिलो.
सागाला दोष दिला, बाभळीच्या गाठीला दिला,
एकदा गिऱ्हाइकालाही.

मार्चात ती घसरली, डाव्या तळव्यात शिरली.
धार असती तर लाकडातच राहिली असती.
तासगावला पाच टाके.
हात गळ्यात अडकवून पंधरा दिवस
नुसता दारामागच्या कोपऱ्याकडे बघत बसलो.
उत्तरेची खिडकी, खाली मोडकी सायकल,
बेदाण्याचे रिकामे खोके.

खोके गेले. सायकल गेली.
अकलाक मुलाणीकडनं कडप्प्याचा तुकडा आणला,
कुणाच्या तरी ओट्यात सिंक बसवताना
कापून निघालेला.
पोरगं म्हणालं, टेप घेऊ का?
मी हात दुमडून भिंतीशी उभा राहिलो,
म्हटलं, कोपर दिसतंय ना, तिथं खूण कर.
दवाखान्यातली सलाईनची बाटली वर टांगली,
चाक फिरवलं की थेंब.
खरबरीत दगड, मग मऊ, मग चामड्याची पट्टी,
जुन्या वहाणेचा तळ फळीवर चिकटवलेला.
भिंतीला खाचा पाडल्या,
पाव इंची, अर्धी, पाऊण, इंची,
रंध्याच्या पात्याला वेगळी.
हात लांबवला की सगळं हाताशी.
एवढ्यासाठी तेवीस वर्षं!

राहिला आबांचा दगड.
मधोमध खोलगट,
म्हैस बसून बसून दबलेल्या जागेसारखा.
त्यावर पटाशीचं तोंड सरळ येत नाही.
काचेवर वाळू पसरली, पाणी सोडलं,
दगडावर शिसपेन्सिलीनं चौकटी आखल्या
आणि थांबलो.

आबा बाजेवर. ऐकायला कमी येतं,
पण काचेवर दगड एकदा सरकून थांबला
ते बरोबर ऐकू आलं.
"का थांबलास?"
तुमची खूण जाईल, म्हटलं.
"घास. दगूड हाय त्यो, फोटू न्हवं."
आणि जरा वेळानं, छताकडे बघत,
"ती खोल माझी न्हाईच. चुलत्याची.
मधल्या मधी घासायचा. आळशी हुता."

कडेच्या रेघा लगेच गेल्या.
राखाडी पाणी मनगटावरनं कोपरापर्यंत आलं.
मधल्या चौकटी निघेनात.
दुपार गेली, दूधवाला येऊन गेला,
शेवटची एक रेघ
नखाएवढी,
आबांची का चुलत्याची,
तीही गेली.

आता छाटणीच्या दिवसांत
कुसाबाई बागेतनं येताना कात्री पुढं करते,
जागा केलीच हायस तर मार की दोन हात.
तिच्यासाठी उंबऱ्याजवळ वेगळा दगड ठेवलाय.
आतल्यावर कात्री नाही, विळी नाही, कुणाची नाही.

काल आबा उठून आले.
कडप्पा त्यांच्या छातीला लागला.
एवढे कधी खाली आले, कळलंच नाही.
पायाखाली पाट सरकवला,
ते चढले, चाक स्वतःच फिरवलं,
इंची पटाशी पाठीवर निजवून घासली,
कडेला उठलेलं पोलादाचं कुसळ
अंगठ्यानं चाचपलं, चामड्यावर उतरवलं,
आणि मनगटावरचे चार पांढरे केस
तासून बघितले.
बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.
"पोरगं उंच व्हणार," म्हणाले,
"त्याला वाकायला लागंल हितं."

म्हटलं, पायांखाली दोन फळ्या सारायची
सोय ठेवलीय.
त्यांना ऐकू गेलं नसावं.
पाटावरच उभे होते,
अर्धी पटाशी मागत, हात मागं करून.